टॉल्किनच्या सचित्र आवृत्त्या जमवताना : नवख्या संग्राहकासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

'द हॉबिट' किंवा 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' साध्या पेपरबॅकमध्ये वाचून झाले, त्या कथेने मनात घर केले आणि आता तिची एखादी देखणी सचित्र प्रत आपल्या कपाटात असावी असे वाटू लागले, की बहुतेक वाचक थेट ऑनलाइन शोध घेतात. तेथे एकाच पुस्तकाच्या असंख्य प्रती समोर येतात. कोणावर 'डिलक्स' लिहिलेले असते, कोणावर 'कलेक्टर्स', कोणावर 'ॲनिव्हर्सरी', तर कोणावर 'फर्स्ट एडिशन'. किमतींत दहापट, कधी पन्नासपट अंतर असते आणि ते कशामुळे पडले आहे, हे जाहिरातीवरून कळत नाही. बारा वर्षांपूर्वी मी याच गोंधळातून गेले आणि दोन प्रतींवर बरेच पैसे वाया घालवले. त्यानंतर जे शिकले ते येथे क्रमाने मांडत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे. सचित्र आवृत्तीत चित्रकार हा कथेचा दुसरा निवेदक असतो. म्हणून आधी चित्रकार ठरवावा, मग आवृत्ती आणि सर्वांत शेवटी प्रत. हा क्रम उलटा झाला की दुर्मीळ पण न आवडणारी पुस्तके घरात साठत जातात.

१. आधी चित्रकार निवडा

पहिला चित्रकार म्हणजे स्वतः टॉल्किन. 'द हॉबिट' लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेने २१ सप्टेंबर १९३७ रोजी प्रसिद्ध केले, तेव्हा आतली कृष्णधवल चित्रे, नकाशे आणि वेष्टन हे सर्व लेखकाच्याच हातचे होते. वेष्टनावरचे डोंगर, झाडांच्या रांगा आणि चारी बाजूंनी फिरणारी रून या प्राचीन उत्तर युरोपीय लिपीची किनार आजही अनेक आवृत्त्यांवर दिसते. त्या किनारीतली अक्षरे लावून वाचली तर पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि प्रकाशकाचे नावही त्यात सापडते. टॉल्किनला वेष्टनावरचा सूर्य तांबडा हवा होता, परंतु चौथ्या रंगाचा खर्च टाळण्यासाठी प्रकाशकांनी तांबडा वगळला आणि सूर्य पांढराच राहिला. अलीकडच्या काही आवृत्त्यांवर तो तांबडा करून लेखकाची मूळ इच्छा पुरी केली आहे. लेखकाची स्वतःची चित्रे एकत्र पाहायची असतील तर हार्परकॉलिन्सने २०२१ साली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आणि २०२३ साली 'द हॉबिट' अशा लेखकाच्याच चित्रांनी सजलेल्या आवृत्त्या काढल्या आहेत. नव्या संग्राहकाने सुरुवात येथूनच करावी असे मला वाटते, कारण या आवृत्त्या अजून नव्या स्थितीत मिळतात.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला एक प्रसंग मी मुद्दाम सांगते, कारण चित्र आणि छपाईचा खर्च यांचे नाते त्यातून समजते. मोरियाच्या अंधाऱ्या दालनात प्रवाशांना एक फाटके, जळके, रक्ताचे डाग पडलेले दफ्तर सापडते. टॉल्किनने त्या दफ्तराची पाने प्रत्यक्षात बनवली होती. कागदाच्या कडा जाळल्या, बाइंडिंगच्या जागी भोके पाडली, वर डाग उठवले. १९५४ साली ही रंगीत पाने छापणे प्रकाशकांना परवडले नाही आणि ती वगळली गेली. पुढे २००४ च्या पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या आवृत्तीत ती आली आणि २०२१ च्या सचित्र आवृत्तीतही आहेत. हे पान उघडून पाहिले की जळक्या कडेचा तपकिरी रंग आणि अर्धवट तुटलेली अक्षरे बोटाने चाचपून पाहावीशी वाटतात.

दुसरे मोठे नाव ॲलन ली यांचे. टॉल्किनचा जन्म ३ जानेवारी १८९२ चा. त्याच्या जन्मशताब्दीसाठी १९९१ साली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची एकखंडी आवृत्ती निघाली आणि तिच्यात लींची ५० जलरंगचित्रे होती. धुके, ओले दगड, उघडी पडलेली मुळे आणि दूरवर दिसणारी लहानशी माणसे ही त्यांची ओळख. पात्रांचे चेहरे ते फारसे जवळून दाखवत नाहीत, त्यामुळे वाचकाच्या मनातली पात्रे शाबूत राहतात. 'द हॉबिट'साठी त्यांनी १९९७ साली चित्रे काढली, तर टॉल्किनचीच 'द चिल्ड्रन ऑफ हुरिन' २००७ साली, 'बेरेन अँड लूथियन' २०१७ साली आणि 'द फॉल ऑफ गोंडोलिन' २०१८ साली त्यांच्या चित्रांसह आले. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरील चित्रपटत्रयीच्या संकल्पनाचित्रांवर त्यांनी चित्रकार जॉन हाउ यांच्याबरोबर काम केले होते, त्यामुळे चित्रपट पाहून या छंदात आलेल्यांना या दोघांची शैली लगेच ओळखीची वाटते. हाउ यांच्या चित्रांत वेग आणि आवेश असतो. टेड नॅस्मिथ यांची चित्रे लखलखीत प्रकाशाची आणि विस्तीर्ण भूप्रदेशांची असून त्यांची सचित्र 'सिल्मरिलियन' १९९८ साली निघाली.

यांपलीकडे जायचे असेल तर परभाषांतील आवृत्त्या पाहाव्यात. माझ्या मते खरा आनंद तेथेच आहे आणि तेथे गर्दीही कमी असते. स्वीडिश 'हॉबिट'साठी १९६२ साली टूवे यान्सन यांनी चित्रे काढली. त्यांत गोलम हा गुहेत राहणारा प्राणी चक्क राक्षसाएवढा आहे, कारण तोवरच्या मजकुरात त्याचा आकार कोठे सांगितलेलाच नव्हता. जपानी आवृत्तीत १९६५ साली र्‍यूइची तेराशिमा यांची, तर रशियन आवृत्तीत १९७६ साली मिखाईल बेलोमलिन्स्की यांची रेखाचित्रे आली. डेन्मार्कच्या मार्गरेथे यांनी राजकन्या असतानाच टॉल्किनला आपली चित्रे पाठवली होती. पुढे त्या राणी झाल्या आणि १९७७ साली लंडनच्या फोलिओ सोसायटीने 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' काढले, तेव्हा इंगाहिल्ड ग्राथमर या टोपणनावाने ती चित्रे एरिक फ्रेझर यांनी पुन्हा रेखाटलेल्या रूपात छापली गेली. ठसठशीत काळ्या-पांढऱ्या रेषा आवडणाऱ्यांनी ही आवृत्ती अवश्य पाहावी.

कथा अजून वाचलेलीच नसेल तर मराठीतूनही सुरुवात करता येते. मुग्धा कर्णिक यांनी केलेला 'स्वामी मुद्रिकांचा' हा अनुवाद उपलब्ध आहे. कथा डोक्यात बसलेली असली की चित्रकाराने काय घेतले आणि काय सोडले, हे नीट कळते.

२. आवृत्ती आणि मुद्रण यांतला फरक समजून घ्या

सर्वांत जास्त फसगत येथे होते. 'पहिली आवृत्ती' आणि 'पहिल्या आवृत्तीचे पहिले मुद्रण' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड अनुक्रमे २९ जुलै १९५४, ११ नोव्हेंबर १९५४ आणि २० ऑक्टोबर १९५५ रोजी प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये दुसरी, सुधारलेली आवृत्ती १९६६ साली आली. म्हणजे मधल्या काळात ज्या ज्या वेळी पुनर्मुद्रण झाले, त्या प्रत्येक वेळची प्रत तांत्रिकदृष्ट्या 'पहिल्या आवृत्तीची'च ठरते. विक्रेता तसे लिहितो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, पण पूर्ण खरेही सांगत नसतो. किमतीतला खरा फरक मुद्रणाच्या क्रमांकाने पडतो.

हा क्रमांक शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला पाहावा. जुन्या ब्रिटिश प्रतींवर प्रथम प्रकाशनाचे वर्ष आणि त्याखाली पुढच्या मुद्रणांची यादी छापलेली असते. यादी नसेल आणि फक्त प्रथम प्रकाशनाचा उल्लेख असेल, तर ते पहिले मुद्रण असण्याची शक्यता असते. नव्या पुस्तकांत बहुधा अंकांची एक ओळ असते आणि तिच्यातला सर्वांत लहान अंक हा मुद्रणाचा क्रमांक असतो. ओळीत १ असेल तर पहिले मुद्रण, १ गाळून सर्वांत लहान अंक ४ असेल तर चौथे. ही ओळ काही वेळा १ पासून सरळ न जाता एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम अंक अशी मांडलेली असते, म्हणून ती पूर्ण वाचावी.

तीन खंडांचा जुना संच घेताना प्रत्येक खंडाचे मुद्रण वेगळे तपासावे. पहिला खंड सहाव्या मुद्रणाचा, दुसरा चौथ्याचा आणि तिसरा पहिल्याचा असे मिश्र संच सर्रास एकत्र विकले जातात आणि वर्णन मात्र फक्त तिसऱ्या खंडाचे लिहिलेले असते. या खंडांच्या शेवटी लेखकाचे पुत्र ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी आखलेले, लाल आणि काळ्या शाईतले घडीचे नकाशे असतात. ते जागेवर आहेत का आणि घडीवर फाटले आहेत का, हेही पाहावे.

आता एक गोष्ट, जी फारसे कोणी सांगत नाही. चित्रांसाठी जमवणाऱ्याला 'पहिले' नेहमीच सर्वोत्तम नसते. 'द हॉबिट'चे पहिले मुद्रण १५०० प्रतींचे होते आणि ते डिसेंबर १९३७ पर्यंत संपले. त्यात रंगीत चित्रपान एकही नव्हते. टॉल्किनची चार रंगीत चित्रे घाईने काढलेल्या दुसऱ्या मुद्रणात आली. १९३८ साली अमेरिकेत होटन मिफ्लिनने पुस्तक काढले, तेव्हा त्यांनी चारपैकी एक चित्र बदलले. ब्रिटिश प्रतीत पिंपांवरून वाहत कथानायक बिल्बो तराफेवाल्यांच्या झोपड्यांपाशी येतो ते चित्र होते, तर अमेरिकन प्रतीत त्याजागी गरुडाच्या शेजारी पहाटे जागा होणारा बिल्बो आला. म्हणजे पाचही चित्रे हवी असतील तर त्या काळची कोणतीही एक प्रत पुरत नाही. आजच्या सचित्र आवृत्तीत ती सगळी मिळतात.

'द हॉबिट'च्या बाबतीत मजकुरावरूनही एक खूण सांगता येते. १९५१ पूर्वीच्या प्रतींत पाचव्या प्रकरणातला गोलम कोड्यांच्या पैजेत अंगठीच बक्षीस म्हणून लावतो आणि हरल्यावर बिल्बोला निमूटपणे बाहेरची वाट दाखवतो. १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा भाग बदलला गेला. मात्र ही खूण एकटी पुरेशी नाही, कारण २०१६ साली पहिल्या आवृत्तीची हुबेहूब प्रतिकृती निघाली असून तिच्यातही जुनाच मजकूर आहे. प्रतिकृती वाईट नव्हे. मूळ प्रत कशी दिसत होती हे पाहण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. फक्त तिची किंमत प्रतिकृतीची असावी.

३. विक्रेत्यांची भाषा शिका

जुन्या पुस्तकांच्या इंग्रजी व्यापारात स्थितीचे ठरलेले शब्द आहेत : फाइन, निअर फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. नवख्या वाचकाला 'गुड' म्हणजे चांगली प्रत वाटते, पण या व्यापारात 'गुड' म्हणजे पाने पूर्ण असलेली परंतु बरीच वापरलेली, झिजलेली प्रत. संग्रहासाठी 'व्हेरी गुड'च्या खाली जाऊ नये, असा माझा नेम आहे.

बऱ्याचदा दोन शेरे तिरक्या रेघेने दिलेले असतात. पहिला पुस्तकाचा आणि दुसरा वेष्टनाचा असतो. जुन्या पुस्तकांच्या किमतीचा फार मोठा भाग या कागदी वेष्टनात असतो, म्हणून दुसरा शेरा नसेल तर वेष्टनच नाही असे धरून चालावे. 'प्राइस क्लिप्ड' म्हणजे वेष्टनाच्या आतल्या घडीवरचा किमतीचा कोपरा कापलेला असणे. १९३७ च्या 'हॉबिट'ची किंमत साडेसात शिलिंग होती आणि 'फेलोशिप'ची, म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या खंडाची, २१ शिलिंग. तो कोपरा शाबूत असला तर वेष्टन कोणत्या काळचे आहे याला आणखी एक पुरावा मिळतो. 'एक्स-लायब्ररी' प्रत म्हणजे ग्रंथालयातून काढून टाकलेली, शिक्के आणि खिसा चिकटवलेली प्रत. 'फॉक्सिंग' म्हणजे कागदावर उठलेले तपकिरी ठिपके, तर 'सन्ड' म्हणजे उन्हाने कण्याचा उडालेला रंग.

'बाँडेड लेदर' या शब्दाशी जपून राहावे. चामड्याचा चुरा गोंदात मळून कापडावर थापलेला तो थर असतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत काही वर्षांत त्याचे पोपडे निघू लागतात. सोनेरी कडा आणि नक्षी पाहून मोह होतो खरा, परंतु कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने साधी कापडी बांधणी घ्यावी. फर्मे, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचे जुडगे, दोऱ्याने शिवलेले आहेत की नुसते कण्याला गोंदाने चिकटवलेले आहेत, हेही विचारावे. हजार-बाराशे पानांचे एकखंडी पुस्तक नुसत्या गोंदावर फार काळ टिकत नाही.

४. पैसे देण्यापूर्वी ही छायाचित्रे मागा

येथे मला माझी चूक सांगायला हवी. ॲलन लींची १९९१ ची एकखंडी प्रत मी एका परदेशी विक्रेत्याकडून घेतली. वेष्टन झळझळीत होते, कणा सरळ होता आणि मी फक्त बाहेरून काढलेली छायाचित्रे पाहून पैसे भरले. पुस्तक आले त्या रात्री जेवणाच्या टेबलावर एकेक चित्रपान मोजत बसले. पन्नास व्हायला हवी होती, ती अठ्ठेचाळीस भरली. पुन्हा मोजली, तरी अठ्ठेचाळीसच. मग पुस्तक दिव्याखाली धरून दोन पानांच्या बेचक्यात पाहिले, तेव्हा कागदाची जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीची, सरळ कापलेली पट्टी दोन ठिकाणी दिसली. कोणीतरी ब्लेडने दोन चित्रे अलगद काढून घेतली होती, बहुधा फ्रेम करण्यासाठी. ही चित्रपाने वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून मजकुराच्या पानांमध्ये बसवलेली असतात आणि मजकुराच्या पृष्ठक्रमांकांत ती धरलेली नसतात, त्यामुळे एखादे पान गेले तरी क्रमांक सलगच दिसतात. विक्रेत्याने पान-क्रमांक तपासून 'पूर्ण' असे लिहिले होते. माझी परताव्याची मुदत पार्सल वाटेत असतानाच संपली होती.

तेव्हापासून पैसे देण्यापूर्वी मी पुढील गोष्टी मागते आणि तुम्हीही मागाव्यात :

• शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू, अक्षरे वाचता येतील इतक्या जवळून.
• वेष्टनाच्या दोन्ही आतल्या घड्या आणि कण्याचे वरचे व खालचे टोक.
• पुस्तक मिटून तिन्ही कडांचे छायाचित्र. ओल लागली असेल तर ती कडांवर लाटेसारखी दिसते.
• घडीचा नकाशा असल्यास पूर्ण उघडून.
• चित्रपाने किती आहेत, हे मोजून लिहिलेले विक्रेत्याचे लेखी उत्तर.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. छायाचित्रावर वाद होऊ शकतो, पण 'मी पन्नास मोजली' असे लेखी दिलेले असले तर परतावा मागायला भक्कम आधार मिळतो. चांगला विक्रेता हे प्रश्न ऐकून रागावत नाही. उलट घेणारा जाणकार आहे हे पाहून तो अधिक काळजीने पुस्तक बांधून पाठवतो, असा माझा अनुभव आहे.

५. परदेशातून मागवताना

मागवण्यापूर्वी भारतात चौकशी करावी. हार्परकॉलिन्सच्या चालू सचित्र आवृत्त्या आपल्याकडच्या पुस्तकविक्रेत्यांकडेही मिळतात आणि टपालखर्च वाचतो. मुंबईत फ्लोरा फाउंटन किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पदपथांवर जुन्या अनविन पेपरबॅक प्रती कधीमधी सापडतात. त्या संग्रहात मोठ्या किमतीच्या नसतात, पण त्यांच्यावरून छपाई आणि मुद्रणपान वाचण्याचा सराव होतो.

परदेशी प्रत मागवायचीच ठरली, तर ही कागदपत्रे आधी तयार ठेवावीत : आधार किंवा पासपोर्टची प्रत, पॅन, विक्रेत्याचे बिल, पैसे भरल्याची पावती, पार्सलचा माग काढण्याचा क्रमांक आणि वर सांगितलेली छायाचित्रे. कुरिअर कंपनी ओळखपत्रांची मागणी संदेशाने करते. तो संदेश दुर्लक्षित राहिला तर पार्सल अडकून पडते आणि साठवणुकीचे शुल्क वाढत जाते. अशा संदेशांच्या नावाखाली फसवणूकही होते, म्हणून दुव्यावर थेट न जाता कंपनीच्या संकेतस्थळावर माग-क्रमांक स्वतः टाकून खात्री करावी.

२०१९ च्या अर्थसंकल्पाने आयात होणाऱ्या छापील पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लावले. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. हे दर बदलू शकतात, म्हणून मागवण्याच्या आठवड्यात सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर ते पाहून घ्यावेत. व्यवहारात महत्त्वाचे हे, की बिलावर आणि पार्सलवरच्या घोषणापत्रावर 'छापील पुस्तक' असे स्पष्ट लिहिलेले असावे आणि त्यासोबत ४९०१ हा वर्गीकरण क्रमांक असावा. नुसते 'कलेक्टिबल' किंवा 'बॉक्स सेट' असे लिहिले असेल, तर वैयक्तिक वापराच्या इतर वस्तूंचा बराच चढा दर लागू होण्याचा धोका असतो. संचाबरोबर मूर्ती, पदके किंवा सुटी चित्रे येत असतील तर त्यांची किंमत बिलात वेगळी दाखवायला सांगावी.

'भेटवस्तू म्हणून पाठवतो, म्हणजे कर लागणार नाही' असे काही विक्रेते आपणहून सुचवतात. ते मान्य करू नये. राखी आणि जीवरक्षक औषधे सोडली, तर टपालाने किंवा कुरिअरने शुल्क न भरता भेट म्हणून वस्तू आणण्यास डिसेंबर २०१९ पासून मनाई आहे. किंमत कमी दाखवण्याचा सल्लाही तितकाच धोक्याचा आहे, कारण पार्सल हरवले तर विमा दाखवलेल्या किमतीचाच मिळतो.

पैसे क्रेडिट कार्डाने भरावेत. बँक परकीय चलनासाठी काही टक्के वेगळे आकारते, पण वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर तक्रार करण्याची सोय राहते. थेट बँक खात्यात पैसे मागणाऱ्या अनोळखी विक्रेत्याकडून, प्रत कितीही मोहात पाडणारी असली, तरी घेऊ नये.

ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत कोणी मावशी, काका, भाचा असेल तर पुस्तक त्यांच्या पत्त्यावर मागवून ते येताना सोबत आणायला सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती चांगली आहे. फक्त स्लिपकेसमधला, म्हणजे एका बाजूने उघड्या जाड पुठ्ठ्याच्या पेटीतला, संच कित्येक किलोंचा असतो हे त्यांना आधी सांगावे, आणि तो चेक-इन बॅगेत न टाकता हातातल्या सामानात आणण्याची विनंती करावी. पेटीचा एक कोपरा दबला तरी संचाची किंमत घसरते.

६. पार्सल आल्यावर

पार्सल उघडताना सुरुवातीपासून चलचित्रण करावे. पत्त्याची चिठ्ठी, पेटीच्या सहाही बाजू, मग आतले पुस्तक, या क्रमाने. चित्रपाने त्याच दिवशी मोजावीत, उद्यावर टाकू नये. स्लिपकेसमधून पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नये. पेटी किंचित खाली झुकवावी आणि पुस्तक तळहातावर घसरू द्यावे. जाड पुस्तक प्रथमच उघडताना ते टेबलावर कण्यावर उभे धरून दोन्ही बाजूंची थोडी थोडी पाने आळीपाळीने खाली दाबत मध्यापर्यंत यावे, म्हणजे शिवण एकाच जागी ताणली जात नाही.

७. आपल्या हवेत पुस्तक जपणे

इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांतले जतनाचे सल्ले थंड आणि कोरड्या घरांसाठी लिहिलेले असतात. माझे घर रत्नागिरीत आहे. जून ते सप्टेंबर या काळात भिंतीला हात लावला तर तो ओलसर होतो. म्हणून हा टप्पा थोडा विस्ताराने लिहिते.

सचित्र पुस्तकांचा सर्वांत मोठा शत्रू वाळवी नसून ओल आहे, कारण चित्रपानांच्या गुळगुळीत आर्ट पेपरवर खनिजाचा लेप असतो. तो लेप ओलावला आणि पाने दाबली गेली की ती एकमेकांना चिकटतात, आणि ओढून सोडवायला गेल्यास चित्राचा थरच समोरच्या पानावर निघून येतो. पाने चिकटू लागलेली दिसली तर जबरदस्ती करू नये. पुस्तक पंख्याच्या मंद वाऱ्यात उभे ठेवून पाने अर्धवट उघडी राहू द्यावीत आणि पूर्ण चिकटली असतील तर जतनाचे काम करणाऱ्या जाणकारालाच दाखवावे.

एक लहान डिजिटल आर्द्रतामापक कपाटात ठेवावा. आर्द्रता ४० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर उत्तम. सातत्याने ६५ च्या वर राहिली तर बुरशी धरण्याची भीती असते. माझ्या कपाटात पावसाळ्यात सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या असतात आणि मण्यांचा रंग बदलला की त्या मंद आचेच्या ओव्हनमध्ये पुन्हा कोरड्या करून घेते. पिशवी पुस्तकाला टेकू देऊ नये. कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नये, मागे चार बोटे जागा सोडावी. ऊन थेट पडेल अशा खिडकीसमोरही ते नसावे, नाहीतर वर्षभरात कण्याचा रंग उडतो.

पावसाळ्यात पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवण्याची चूक पुष्कळजण करतात. आत अडकलेला दमटपणा बाहेर पडायला वाट राहत नाही आणि बुरशी आतच वाढते. वेष्टनावर मात्र पारदर्शक पॉलिएस्टरचे, चिकटपट्टी न लागणारे आवरण घालावे. ते दोन्ही टोकांना उघडे असते. साधे पीव्हीसीचे आवरण वापरू नये, कारण काही वर्षांत ते चिकट होऊन छपाईची शाई ओढून घेते.

कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवण्याचा सल्ला मिळेल. त्यांचा वास पुस्तकात कायमचा मुरतो आणि बंद खोलीत तो आरोग्यालाही चांगला नाही. कडुलिंबाची पाने पानांमध्ये ठेवली तर कागदावर डाग उमटतात. आपल्याकडे पोथ्या सुती कापडात बांधून ठेवत आणि सोबत वेखंडाची पुरचुंडी असे. ती रीत आजही उपयोगी आहे. वेखंडाची पूड मलमलीच्या पुरचुंडीत बांधून फळीच्या कोपऱ्यात ठेवावी, पुस्तकाच्या आत नाही. याहून मोठा उपाय म्हणजे महिन्यातून एकदा प्रत्येक पुस्तक हातात घेऊन पाने उलटणे. उघडल्या जाणाऱ्या पुस्तकात कसर सहसा टिकत नाही.

तीन खंड वेगळे असतील तर ते उभे, पण एकमेकांना न दाबता ठेवावेत. एकखंडी जाड पुस्तक आडवे ठेवणे बरे, कारण उभे ठेवल्यास पानांच्या वजनाने शिवण खाली ओढली जाते.

८. नोंदवही ठेवा

प्रत्येक प्रतीसाठी वहीचे एक पान राखून ठेवावे. त्यावर चित्रकाराचे नाव, प्रकाशक, वर्ष, मुद्रणाचा क्रमांक, मोजलेली चित्रपाने, घेतली त्या दिवशीची स्थिती, विक्रेता, किंमत, शुल्क आणि टपालखर्च लिहावा. बिल त्याच पानाला लिफाफ्यात लावावे. दरवर्षी गणपतीनंतर, हवा जरा मोकळी झाली की, मी प्रत्येक पुस्तक उजेडात पाहते आणि नवा डाग, सैल झालेला फर्मा किंवा उडालेला रंग त्या पानावर तारखेसह टिपते. घरातल्या आणखी एका व्यक्तीला ही वही कोठे आहे हे माहीत असावे. आमच्याकडे ती पुस्तकांच्याच कपाटात, सर्वांत खालच्या फळीवर डाव्या बाजूला असते.